बाजूच्या खुर्चीवरचा टॉवेल

६ ऑक्टोबर, सोमवार

आज माझ्या खोलीच्या दारावरची पाटी बदलली. एकोणीस वर्षं 'सहायक प्रशिक्षक' होतो, आजपासून 'मुख्य'. सुताराने जुनी पाटी उपटली तेव्हा रंगाचा टवका निघाला आणि नवी त्यापेक्षा आखूड निघाली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जखम दिसते. असो. दार काही सामना खेळत नाही.

गुरुजींना, म्हणजे आधीच्या मुख्य प्रशिक्षकांना, काढल्याचं शनिवारी फोनवरच कळवलं. ज्या माणसाने मला शिट्टी वाजवायला शिकवली, त्याला सामानाचं खोकं न्यायलाही येऊ दिलं नाही, ड्रायव्हरबरोबर पाठवून दिलं. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. ही वही माझी आहे, इथे सोवळं कशाला पाळू?

कारण काय, तर एक्का. एक्का म्हणजे आमच्या बास्केटबॉल संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू, वय वर्षं चोवीस. संघाने शंभर गुण केले तर त्यातले चाळीस याचे. बसवर फोटो त्याचा, तिकिटावर त्याचा, पाण्याच्या बाटलीवरसुद्धा त्याचाच. मॅनेजरसाहेब म्हणाले, "त्याचं आणि गुरुजींचं जमत नव्हतं. तुमचं जमतं. तुम्हाला तो काका म्हणतो." एवढ्या एका शब्दावर मी मुख्य झालो की काय, कोण जाणे. चौदा वर्षांचा असताना त्याला मीच शोधला होता, त्याची ही परतफेड असेल.

दुपारी सरावाला आला तर मलाच विचारतो, "काका, गुरुजींचं असं अचानक काय झालं?" चेहरा असा की दुधाचे दात पडायचे आहेत. सोंगाड्या कुठला! मी म्हटलं, "तुला माहीत नाही होय?"

घरी ही म्हणाली, "अहो, पण त्याने खरंच सांगितलं होतं का गुरुजींना काढायला? विचारलंत का त्याला?"

मी म्हटलं, "उन्हाला कोणी विचारतं का, का पडलंस म्हणून? टोपी घालायची आणि चालायला लागायचं."

१९ ऑक्टोबर, रविवार

पहिले तीन सामने जिंकलो. माझ्या डावपेचांमुळे, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण चेंडू एक्क्याच्या हातात जातो आणि मग जाळीत जातो, यात डावपेच कसले?

हो, त्याच्या हातात चेंडू देतो तो दादा. आमचा कप्तान, चौतीस वर्षांचा. एक्का पळायला लागायच्या आधीच त्याला कळतं की हा कुठे पोचणार. या दोघांना खेळताना बघणं म्हणजे जुन्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकण्यासारखं आहे, अर्धी वाक्यं ऐकूच येत नाहीत. दादाला मी अठ्ठावीस मिनिटं खेळवतो.

आता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एक्का बोलत नाही. सामन्याच्या दिवशी तर मिठाची गुळणी. आमच्याकडे सगळं त्याच्या हालचालींवरून ओळखायचं असतं. बुटाची नाडी दोनदा बांधली तर तो खूश, पाण्याची बाटली आडवी ठेवली तर नाराज. बाकावरच्या पोरांना हे सगळं पाठ आहे, मलाही आहे. या हंगामात नवीन एक निघालंय. बाहेर येऊन बसला की तो बाजूच्या खुर्चीवर टॉवेल टाकतो. म्हणजे तिथे कोणी बसायचं नाही. काल टॉवेल टाकला तेव्हा दादा मैदानावर होता, गुडघ्यांवर हात टेकून उभा. एक्क्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बोट गोल फिरवलं. बदली करा!

मी दादाला बाहेर काढलं. दादा येऊन नेमका त्या टॉवेलवाल्या खुर्चीतच बसला. एक्क्याने टॉवेल ओढून घेतला. बिचाऱ्या दादाच्या लक्षातही आलं नाही की ती खुर्ची त्याच्यासाठी नव्हती.

२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच. टॉवेल, बोट, बदली. तिसऱ्या सत्रात दादाने एक पास चुकवला आणि कडेला जाऊन उभा राहिला. एक्का मैदानावरून त्याच्याकडे असा बघत होता की मला भीती वाटली, भांडण होतंय. खेळ सोडून माणूस एखाद्याच्या छातीकडे का टक लावून बघेल? राग, दुसरं काय?

सामना हरलो. दोन गुणांनी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज अजबच झालं. मी चेंडूंच्या खोलीत हवा बघत होतो (हे काम पोरांवर सोडलं की चेंडू दगड तरी होतात नाहीतर पोळ्या तरी). एक्का आत आला आणि दार लावून घेतलं. मोठ्या संघात आल्यापासूनच्या पाच वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागायला आला.

"काका, दादाला जरा कमी खेळवा ना."

"कमी म्हणजे?"

"पंधरा मिनिटं. बस्स. त्याच्या वर नाही."

"का रे? तुझे पास तर त्याच्याकडूनच येतात."

तो चेंडू हातात फिरवत राहिला. "असंच. दमतो तो."

"त्याचं काही बिनसलंय का तुझ्याशी?"

"नाही हो. काका, काही विचारू नका. फक्त पंधरा." आणि गेला.

पंधरा! मोजून! हा काय माझा वरिष्ठ आहे? अंगाचा तिळपापड झाला. गुरुजी असते तर म्हणाले असते, कारण सांग नाहीतर चालायला लाग. पण गुरुजी आता घरी बसून बागेला पाणी घालतायत.

५ नोव्हेंबर, बुधवार

मॅनेजरसाहेबांच्या कानावर घातलं. जायला नको होतं का? पण उद्या काही झालं तर माझ्या अंगावर नको, म्हणून गेलो. ते खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "बरं केलंत आलात. अहो, असले लोक अर्धंच बोलतात, उरलेलं आपण समजायचं असतं. पंधरा म्हणजे शून्य. त्याला दादा नकोय."

मी म्हटलं, "तो तसं म्हणाला नाही."

"गुरुजींनाही शेवटपर्यंत वाटत होतं की कोणी तसं म्हणत नाहीये." एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "दुसऱ्या संघात एक बावीस वर्षांचा पोरगा मोकळा होतोय. चपळ आहे. संघाच्या मालकीणबाईंनाही पसंत आहे."

माझी पाचावर धारण बसली. विचार करून सांगतो म्हणालो. कसला विचार करणार, कप्पाळ!

घरी हिला सांगितलं. हिचं आपलं एकच पालुपद, "त्याला सरळ विचारा." मी चिडलो. म्हटलं, "मांजराच्या गळ्यात घंटा मीच का बांधायची?" ही म्हणाली, "तुम्ही त्याला मांजर म्हणता तरी कशाला? पोरगा आहे तो." हिला बाकावर बसवलं पाहिजे एकदा, म्हणजे कळेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एक्का काल देशाच्या संघाच्या शिबिराला गेला, बारा दिवसांसाठी. मॅनेजरसाहेब म्हणाले, हीच वेळ बरी. तो इथे नसताना झालं म्हणजे त्याच्यावर काही येणार नाही.

दादाला मी बोलावलं. निदान गुरुजींसारखं फोनवर नको, एवढी माणुसकी माझ्यात आहे, असं स्वतःला बजावत होतो.

तो आंघोळ करून आला होता, केस ओले. मी सांगितलं. तो उभाच राहिला. मग म्हणाला, "सर, मी खेळात कमी पडलो का?"

त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना. यंदाचे त्याचे पास संघात सगळ्यात जास्त आहेत, भिंतीवरच्या तक्त्यावर आकडा माझ्याच अक्षरात लिहिलेला. म्हटलं, "तसं नाही रे. माझ्या हातात असतं तर मी तुला जाऊ दिलं नसतं. पण एक्क्याने सांगितलंय."

त्याचा चेहरा एकदम पडला. दचकला असंच म्हणायला पाहिजे. "एक्क्याने? तो स्वतः येऊन बोलला?"

"चेंडूंच्या खोलीत."

"म्हणजे..." तो खाली बसला. "सगळं सांगितलं त्याने तुम्हाला?"

काय सगळं, मला काय ठाऊक? त्यांची काही आपसातली भानगड असेल. पण 'काय सगळं' म्हणून विचारलं असतं तर अर्धा तास गेला असता आणि मला ती खोली सोडून पळायचं होतं. मी म्हटलं, "हो."

"एकालाच सांगितलं होतं मी," दादा एवढंच म्हणाला. मग उठला, माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तुमचा काही दोष नाही, सर. तुम्ही तरी काय करणार?"

तो गेल्यावर मला हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण हलकं वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एक्का परत आला. बॅग खांद्यावर तशीच, सरळ माझ्या खोलीत.

"दादा कुठे?"

मी म्हटलं, "मॅनेजमेंटचा निर्णय."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

आता याला काय म्हणायचं? चोर तो चोर, वर शिरजोर! तो म्हणाला, "फोन उचलत नाहीये तो. वीस वेळा केला." नंतर विचारलं, दादा कुठल्या संघात गेला. मी सांगितलं, चार तासांवरचा संघ आहे, खालच्या लीगमधला, त्यांनी लगेच घेतला.

"तिथे डॉक्टर असतात का? सामन्याला?"

विचित्रच प्रश्न. मी म्हटलं, "असतील की."

त्याने बॅगेचा पट्टा आवळला. मग बॅग घेऊन गेला. मन खात असेल. आपणच घर पाडायचं आणि मग विचारायचं, छप्पर कुठे गेलं!

६ डिसेंबर, शनिवार

हरलो. नवा पोरगा चपळ आहे, पण तो चेंडू एक्का जिथे असतो तिथे देतो. दादा तो जिथे असणार तिथे द्यायचा. हा फरक मालकीणबाईंना कोण समजावणार?

एक्का बाहेर येऊन बसला आणि बाजूच्या खुर्चीवर टॉवेल टाकला. नवा पोरगा बाहेर आला तेव्हा ती खुर्ची सोडून पार टोकाला जाऊन बसला. शहाणा आहे, लवकर शिकला.

९ जानेवारी, शुक्रवार

दादाच्या सामन्याचे आकडे बघितले, सहज. एकोणचाळीस मिनिटं खेळला. परवा चाळीस. म्हणजे एक मिनिटही बाहेर नाही! चौतिसाव्या वर्षी! मनात आलं, बघा मॅनेजरसाहेब, म्हातारा म्हणत होतात. मला खरंच बरं वाटलं. एक्क्याला दाखवावं म्हणून आकडे घेऊन गेलो. त्याने कागद वाचला आणि भिंतीला टेकून खाली बसला. सराव न करताच घरी गेला.

हेवा माणसाला कुठल्या थराला नेतो!

२४ जानेवारी, शनिवार

दादा गेला.

दुपारचा सामना होता त्यांचा. शेवटच्या सत्रात पास दिला, दोन पावलं चालला आणि पडला. त्यांच्याकडे डॉक्टर नव्हता. गाडी यायला वीस मिनिटं लागली.

आज जास्त लिहवत नाही.

२५ जानेवारी, रविवार

सगळा संघ बसने गेला. चार तासांचा रस्ता.

वहिनी (दादाच्या बायकोला आम्ही सगळेच वहिनी म्हणतो, मीसुद्धा) दारातच उभ्या होत्या. मला आत घेतलं. नव्या पोराला, जो दादाच्या जागेवर आला, त्यालाही आत घेतलं. एक्का पुढे झाला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू नाही."

सहा फूट आठ इंचांचा माणूस जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात होते.

२७ जानेवारी, मंगळवार

आज एक्क्याने सांगितलं. चेंडूंच्या खोलीतच. आता जसंच्या तसं लिहितो, म्हणजे एकही शब्द माझ्या सोयीने बदलायचा नाही.

दादाला उन्हाळ्यापासून छातीत धडधड व्हायची. बाहेरच्या एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं. डॉक्टर म्हणाला, खेळ थांबवा, ऑपरेशन करा. दादा म्हणाला, एवढा हंगाम संपू दे, पुढे खेळणं नाहीच. ही गोष्ट त्याने फक्त वहिनींना आणि एक्क्याला सांगितली आणि एक्क्याकडून शपथ घेतली. दोघांनी आपसात ठरवलं, पंधरा मिनिटं. त्याच्या वर नाही. एक्का लक्ष ठेवणार, कारण न सांगता दादाला कमी खेळवायला मला सांगणार.

"दादाचा श्वास लागला की मी बोट फिरवायचो," तो म्हणाला. "तुम्ही लगेच बदली करायचात. मला वाटायचं, काकांना कळतंय."

मी विचारलं, "आणि टॉवेल?"

"टॉवेल?" त्याला आठवावं लागलं. "दादासाठी खुर्ची धरून ठेवायचो. पंख्याखालची तेवढी एकच होती."

मग तो रडला. म्हणाला, शपथ मोडली असती तर माणूस वाचला असता. म्हणाला, "सगळे म्हणतात मी गुरुजींना काढलं, मला ते पेपरात वाचून कळलं. आता म्हणतात दादाला मी काढलं. काका, मला इथे कोणी कधी काही विचारतच नाही. पण वहिनींना असं का वाटावं? त्यांना कोणी सांगितलं?"

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो. हात थांबला नाही. म्हटलं, "लोक काहीही बोलतात."

"तुम्ही जाऊन सांगाल त्यांना? तुमचं ऐकतील त्या."

मी म्हटलं, "हो." पुन्हा तेच 'हो'.

८ फेब्रुवारी, रविवार

गेलो. एक्क्यानेच गाडी चालवली. तो खाली थांबला, मी वर गेलो.

घर अजून खोक्यांतच. दोन महिन्यांत त्यांनी अर्धीच खोकी उघडली होती, आता तीच परत बांधत होत्या. दादाचे बूट खिडकीत वाळत घातलेले, कोणी काढले नव्हते. वहिनींनी माझ्यासाठी खुर्ची रिकामी केली.

मी सुरुवात केली, "एक्का खाली आहे. त्याला..."

"त्याचं नाव नको, सर." मग स्वतःच बोलू लागल्या. "मी यांना म्हटलं होतं, नव्या संघात आधी डॉक्टरची चिठ्ठी दाखवा, कमी खेळवतील. तर म्हणाले, जन्मात एकालाच विश्वासाने सांगितलं, त्याने जाऊन सगळं ओकलं आणि माझी जागा गेली. आता परत नाही सांगणार कुणाला. बाहेर बसायचा विषय काढला तरी संशय येईल, म्हणून पूर्ण वेळ खेळायचे." खोक्याची दोरी ओढून त्यांनी गाठ मारली. "तुम्ही निदान तोंडावर खरं सांगितलंत. ते नेहमी म्हणायचे, सर तेवढे सरळ."

आत्ता. आत्ता बोल. मी स्वतःला तीनदा सांगितलं. त्याने मला काहीच सांगितलं नव्हतं, वहिनी. मला काही माहीत नव्हतं आणि मी हो म्हणालो. दोन वाक्यं होती. गुरुजींनी मला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज पोचवायला शिकवलं होतं, आणि समोर चार फुटांवर बसलेल्या बाईपर्यंत माझा आवाज पोचेना. मी पाणी प्यायलो. म्हणालो, काही लागलं तर कळवा.

खाली एक्का गाडीबाहेर उभा होता. "काय म्हणाल्या?"

"वेळ लागेल त्यांना."

"तुम्ही सांगितलंत ना पण? मी नव्हतो म्हणून?"

"सांगितलं."

त्याने मला मिठी मारली. येताना पूर्ण रस्ताभर गाडी सावकाश चालवत होता, मला झोप लागावी म्हणून.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हिला सगळं सांगितलं. ही भाजी निवडत होती, ती निवडून झाली, मग माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "उद्या परत जा." मी म्हटलं, उद्या सामना आहे. "मग परवा." मी हो म्हणालो. ही माझ्याकडे बघत राहिली. माझ्या 'हो'ची किंमत आता हिलाही कळली आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल जिंकलो. सामन्याआधी मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मी तयारीनेच गेलो होतो, गेल्या सहा सामन्यांत चार हरलोय. एक प्रकारे सुटलो असतो. टेबलावर कागद होते. पुढची तीन वर्षं, मुख्य प्रशिक्षक.

"एक्का आला होता," साहेब म्हणाले. "या खोलीत आला, उभ्याने बोलला. म्हणाला, काकांना हात लावायचा नाही, नाहीतर मी चाललो. वाईट काळात तेवढा एकच माणूस माझ्या बाजूने उभा राहिला म्हणाला. मी तर चाटच पडलो. या ऑफिसात येऊन त्याने काही मागितलं, ते पहिल्यांदाच."

मी विचारलं, "पहिल्यांदाच? आणि गुरुजी?"

साहेबांनी पेन पुढे केलं. "ते सोडा हो आता. इथे, आणि मागच्या पानावर."

मी सही केली. दोन्हीकडे.

सामन्यात दुसऱ्या सत्राच्या शेवटी एक्क्याला बाहेर घेतलं. तो बसला, सवयीने बाजूच्या खुर्चीवर टॉवेल टाकला. बाकावरची पोरं आपोआप सरकली. मी नेहमीसारखा रेषेपाशी उभा होतो, ओरडून घसा बसला होता. मागून कोणीतरी बाही ओढली.

एक्क्याने टॉवेल उचलून मांडीवर घेतला होता. खुर्ची हाताने पुसली. "काका, बसा जरा. दमलात."

वर पंखा चालू होता. मी बसलो.